आधी पांढरी, मग गोठा

आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीचे दोनच रंग महत्त्वाचे: काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. पेरणी काळीत करायची आणि भिंत पांढरीवर उभी करायची, असा रिवाज होता. माणसांबरोबर गुरांची दावणही पांढरीवरच असे. काळीत बांधलेली भिंत टिकत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते; ते कुणाला शिकवावे लागत नसे.

माळशिरस तालुक्यात हा रिवाज मोडला तो पाण्याने. भाटघर धरणाचे पाणी नीरा उजव्या कालव्याने या कोरड्या मुलखात आले. १९३० च्या दशकात माळीनगर, श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. उसाला रात्री-अपरात्री पाणी द्यायचे, दारे धरायची, तर गावात राहून कसे भागणार? कुटुंबे मळ्यात वस्ती करून राहू लागली. पुढे संकरित गायी आल्या आणि दुधाच्या पैशावर किराणा, शाळेची फी, दवाखाना भागू लागला. वस्ती काळीत गेली, तसा गोठाही काळीत गेला. आणि इथेच खरी अडचण सुरू झाली.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यातील चिकणमातीचा हा गुणच आहे. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जी माती ज्वारीला आणि उसाला आई, तीच बांधकामाला सावत्र आई! कालव्याच्या भागात एका बाजूला उसाचे ओले रान आणि दुसऱ्या बाजूला कोरडी वाट, म्हणजे पायाची एक बाजू वर येते आणि दुसरी खचते.

"पत्र्याचा तर गोठा, त्याला कशाला एवढा पाया?" हा प्रश्न वस्तीवस्तीवर ऐकू येतो. खरी गोष्ट उलटी आहे. भारी इमारत आपल्या वजनाने फुगणाऱ्या मातीला थोडे तरी दाबून धरते. हलक्या गोठ्याला मात्र ती सहज उचलते. म्हणून काळीत सर्वांत आधी तडकतो तो हलक्या बांधकामाचा कोबा.

मग करायचे काय? ज्या शेतात पांढरी नाही, तिथे ती तयार करायची. जागा निवडताना शेतातला उंचवटा पाहावा. पाट, विहीर आणि उसाची सरी यांपासून लांब राहावे. फक्कीने आखणी करून काळी माती उपसावी. थर उथळ असेल तर मुरूम लागेपर्यंत खणावे. नीरा आणि भीमेच्या काठी काळी फार खोल असते; तिथे निदान तीन फूट माती काढून मुरूम भरावा. उपसलेली काळी वाया जात नाही, ती हलक्या रानात पसरता येते. फक्त तीच माती पुन्हा भरावात ढकलू नये.

मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक डॉ. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. न फुगणाऱ्या, पण अंगात थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर घातला, तर खालच्या काळीची उचल आवरते, असे त्यांनी दाखवले. आपला चांगला मुरूम याच जातीचा. वाळू मात्र या कामाची नाही. ती पाणी थेट खाली सोडते.

मुरूम एकदम ओतून चालत नाही. सहा-आठ इंचांचा थर टाकावा, पाणी मारावे, रोलर फिरवावा किंवा धुम्मसाने ठोकावा, मगच दुसरा थर. भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट वर यावा. सवड असेल तर आषाढात माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत पुढे जाण्याआधी भराव पुरा करावा. आपल्याकडे पावसाचा मोठा भाग परतीच्या वाटेवर, सप्टेंबरात पडतो. तो एकदा अंगावर घेऊन भराव बसला की दिवाळीनंतर बांधकाम काढावे.

तळ करताना दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार मूत्राच्या नाळीकडे द्यावा. गाईला छपराखाली सुमारे चाळीस चौरस फूट आणि मोकळे फिरायला त्याच्या दुप्पट जागा धरून मगच आखणी करावी. आपल्या कडक उन्हात छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचे ऊन आत कमी येते. कोबा खरबरीत ठेवावा; गुळगुळीत कोब्यावर गाय घसरते.

हा सारा खटाटोप कशासाठी? तळाला तडा गेला की तिथे मूत्र साचते. ओल्या जागेत बसणाऱ्या गाईचे खूर मऊ पडतात, कासेला दगडी होण्याचा धोका वाढतो, आणि आटलेल्या दुधाबरोबर कर्जाचा हप्ताही थकतो. शिवाय रोज पहाटे वाकून त्या खड्ड्यातले शेण ओढते ती घरची बाई. गोठ्याचा हिशेब करताना लोखंडाचा आणि पत्र्याचा भाव सगळे विचारतात. तिच्या कमरेचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

पैसे कमी पडले की घरोघरी कात्री लागते ती भरावाला, कारण भराव डोळ्यांना दिसत नाही. कात्री लावायचीच तर वर लावावी. पत्र्याऐवजी चार वर्षे पाचटाचे छप्पर चालेल, लोखंडाऐवजी बाभळीचे खांब चालतील. ते पुढे सवडीने बदलता येतात. गाय उभी असलेली जमीन मात्र पुन्हा उकरून भरता येत नाही. म्हणून नारळ फोडण्याआधी घरातल्या सर्वांनी, आणि शेण काढणाऱ्या बाईने तर आवर्जून, त्या जागेवर उभे राहून एकच प्रश्न विचारावा: इथली पांढरी तयार झाली का?