गाऱ्हाण्याचा ठराव होतो तेव्हा

पारावर, पिठाच्या गिरणीत, एस.टी.च्या थांब्यावर किंवा दूध घालावयास गेलेल्यांच्या रांगेत माणसे जी गाऱ्हाणी एकमेकांच्या कानी घालतात, म्हणजे चार-चार दिवसांआड येणारे नळाचे पाणी, स्मशानभूमीच्या वाटेवरचा चिखल, शाळेच्या भिंतीला लागून वाहणारे उघडे गटार, खांबावरचा महिनोन्‌महिने बंद असलेला दिवा, शेजाऱ्याने गावठाणाच्या रस्त्यात पुढे रेटलेला ओटा, तीच गाऱ्हाणी ग्रामसभेत उभे राहून सांगितली गेली म्हणजे त्यांचे स्वरूप पालटते. पारावर ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचे कसलेच बंधन नसते; सभेत सरपंचाला उत्तर द्यावे लागते, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सर्वांदेखत आपली बाजू मांडता येते, आणि अखेरीस सूचक-अनुमोदकांच्या नावांसह ते गाऱ्हाणे प्रोसिडिंगच्या वहीत उतरले की ते एकट्या दुकट्याचे राहत नाही, साऱ्या गावाच्या नावावर चढते. हे स्थित्यंतर ज्या नियमांनी घडते ते नियम आपल्यापैकी बहुतेकांना रूक्ष वाटतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. सामान्य माणसाचा अधिकार ज्या थोड्या जागी खरोखर शाबूत आहे त्यांपैकी नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती आणि इतिवृत्त या चार जागा होत, असे मला वाटते.

महाराष्ट्रातील ग्रामसभेचा आधार 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम हा आहे, आणि 1993 मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेतच स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. त्यासाठी निवडून यावे लागत नाही, वर्गणी भरावी लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. आर्थिक वर्षात किमान चार सभा भरल्याच पाहिजेत, आणि सबळ कारणावाचून त्या न बोलावणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. प्रत्येक नियमित सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असेही कायदा सांगतो. या तरतुदीमागचे शहाणपण मोठे आहे, कारण चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत पुरुष पुढे आणि बायका मंदिराच्या भिंतीशी पदर सावरून अशा बैठकीत पाण्याच्या हंड्याचा आणि शौचालयाच्या आडोशाचा प्रश्न कोण उच्चारणार? पण पुष्कळ गावी ही महिला सभा कागदोपत्री उरकली जाते. अंगणवाडीताईंकडे वही पाठवून सह्या गोळा करणे म्हणजे सभा नव्हे, आणि जेथे असे होते तेथे अर्ध्या गावाचे गाऱ्हाणे दाखल होण्याआधीच खारीज होते.

विषयपत्रिकेकडे थोडे बारकाईने पाहावे. पहिला विषय बहुधा ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यानंतर जमाखर्च, करवसुली, शासनाकडून आलेली परिपत्रके, योजनांच्या लाभार्थ्यांची निवड. आणि सर्वांत शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय. लोकांची बहुतेक गाऱ्हाणी या शेवटच्या विषयाच्या आसऱ्याला असतात. तोवर दुपार कलंडलेली असते, लाभार्थ्यांच्या यादीत नाव आले की नाही हे कळल्यामुळे निम्मी माणसे उठून गेलेली असतात, आणि ज्या अधिकाऱ्याने उत्तर द्यावयाचे तो तालुक्याच्या गाडीकडे पाहत असतो. म्हणून ज्यांना आपल्या आळीच्या गटाराविषयी खरोखर काही घडवून आणावयाचे आहे त्यांनी आयत्या वेळेची वाट पाहू नये. विषयपत्रिका निघण्यापूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात लेखी अर्ज देऊन, त्याची पोहोच घेऊन, आपला विषय क्रमांकासह पत्रिकेत यावा असा आग्रह धरावा. क्रमांक मिळालेल्या विषयाला बगल देणे अवघड असते.

गणपूर्तीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य हजर असले म्हणजे सभा सुरू होऊ शकते. तीन हजार मतदारांच्या गावात 100 माणसे जमणे ही काही दुर्घट अपेक्षा नव्हे. तरीही ती जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. तीस-चाळीस माणसे बसतात, विषय वाचले जातात, ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द दहा वेळा लिहिले जातात, आणि ते ठराव तीन हजारांवर सारखेच बंधनकारक ठरतात. ही तरतूद मुळात अन्यायाची नाही. लोक येत नाहीत म्हणून गावाचे कामकाज कायमचे थांबू नये, एवढाच तिचा हेतू. परंतु ज्यांना थोड्यांत निर्णय उरकून घ्यावयाचे असतात त्यांच्या ती सोयीची होऊन बसली आहे, आणि ही सोय नाहीशी करण्याचा उपाय कोणत्याही न्यायालयाच्या हाती नसून पहिल्याच सभेला येऊन बसणाऱ्या शंभर माणसांच्या हाती आहे.

गैरहजेरीचा हिशेब सर्वत्र असाच मांडला जात नाही. दारूच्या दुकानाविषयी गाव किंवा शहरातील प्रभाग जेव्हा मतदान मागतो तेव्हा नियम उलटा चालतो. 2008 च्या शासकीय आदेशानुसार 25 टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते; मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात; पण दुकान बंद व्हावयास झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत, एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी बाई शेतातून वेळेवर परत आली नाही, जिला घरातून निघू दिले नाही, तिचे न पडलेले मत आपोआप दुकानाच्या बाजूला जमा होते. ग्रामसभेत गैरहजर माणूस हिशेबातून वगळला जातो आणि येथे तोच विरुद्ध पक्षात धरला जातो. दारूने ज्यांचे संसार मोडले त्यांच्यावरच पुराव्याचा इतका मोठा भार ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. मात्र हा भार पेलून ज्या गावांतील स्त्रियांनी बाटली आडवी केली त्यांच्या निर्धारास तोड नाही.

या गाऱ्हाण्याचा वंश जुना आहे. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. 1880 मध्ये शहरातील दारूच्या दुकानांना दिल्या जाणाऱ्या मोकळिकीविरुद्ध त्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत नोंदवली, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेचा पैसा खर्ची घालण्यास विरोध केला. दोन्ही प्रसंगी त्यांनी धरलेला मार्ग लक्षात घेण्यासारखा आहे : त्यांनी आपला विरोध दफ्तरी दाखल होईल अशा रीतीने केला. मत हरले तरी नोंद उरली, आणि ती उरली म्हणूनच आज आपणांस त्या विरोधाविषयी बोलता येते.

काही गाऱ्हाण्यांना अंदाजपत्रकात शीर्षकच नसते. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो उदाहरण म्हणून ठेवला. या ठरावामागे दंडाची शक्ती नव्हती. कोणी प्रथा पाळलीच तर ग्रामपंचायत काय करणार, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो गैर नव्हता. तथापि, ज्या घरात नुकतेच मरण झाले आहे तेथे भावकीतील वडीलधारी बाई जेव्हा बांगड्यांकडे हात नेते, तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ हाच तिचा खरा आधार असतो, आणि लोक काय म्हणतात ते ठरावाने आधीच लिहून ठेवलेले असले म्हणजे त्या घरातल्या मुलाला किंवा सुनेला तो हात थांबवण्याचे बळ येते. सभेचा ठराव कायद्याहून दुबळा असतो हे खरे. पण उंबरठ्याच्या आत जेथे कायद्याला जाणे जमत नाही तेथवर तो पोहोचतो, कारण तो करणारी माणसे त्याच घराच्या आसपास राहतात.

पाण्याच्या बाबतीत हिवरे बाजारने दाखवलेली वाट सर्वश्रुत आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही. पर्जन्यछायेतील हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात तेथे वर्षाचा पाऊस आणि भूजल मोजून, कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेसमोर ठरवण्याची पद्धत पडली, शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यावर बंदी आली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला गेला. येथे मोलाची गोष्ट ही की पाण्याचे गाऱ्हाणे सरकारच्या दारी नेण्याआधी गावाने ते स्वतःच्या शिवाराला विचारले, आणि जे उत्तर आले ते विहीर असलेल्या बागायतदारालाही ऐकावे लागले.

मेंढा-लेखाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातील या छोट्या गोंड गावाने, गावातलेच देवाजी तोफा आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साहचर्याने, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणावयास सुरुवात केली तेव्हा ती केवळ घोषणा राहू नये म्हणून दोन व्यवस्था जाणीवपूर्वक उभारल्या. एक अभ्यासगटाची : जंगलाचे कायदे, बांबूचा हिशेब, वन खात्याच्या नोंदी यांचा अभ्यास गावकऱ्यांनी आणि बाहेरच्या मित्रांनी एकत्र बसून करावयाचा, परंतु निर्णय अभ्यासगटाने घ्यावयाचा नाही. दुसरी सर्वसहमतीची : निर्णय ग्रामसभेनेच, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, एकाचा जरी विरोध राहिला तरी विषय पुढे ढकलून पुन्हा चर्चा करावयाची. इतरत्र सभा तहकूब होते ती माणसे नसतात म्हणून. येथे विषय तहकूब होतो तो माणसांचे अजून जुळलेले नसते म्हणून. या संथ रीतीचे फळ उशिरा पण भरीव मिळाले. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जो परवाना देण्याचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या वन खात्याच्या नाक्यावर होता तो गावाच्या सभेकडे आला. सर्वसहमती मोठ्या गावात अशीच्या अशी चालेल असे मी म्हणत नाही. अभ्यास आणि निर्णय यांची फारकत मात्र कोणत्याही वस्तीला परवडण्यासारखी आहे.

आता शहरांकडे वळतो, आणि खेदाने वळतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राच्या कायद्याने पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा या बाबतींतील नागरिकांच्या सामाईक तक्रारींचे त्वरित निवारण हे त्या समित्यांचे पहिले काम मानले, आणि परिसरात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी त्यांवर घेण्याची तरतूद केली. पुढे 2009 मध्ये काही मतदान केंद्रांच्या टापूपुरती, नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली भरणारी क्षेत्रसभाही कायद्यात आली. ग्रामसभेची ही शहरी बहीण. पण ती कायद्याच्या पुस्तकातून गल्लीत फारशी उतरलीच नाही. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातील कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, हा चांगला प्रघात आहे. तथापि अर्ज भरणे आणि समोरासमोर बसणे यांत अंतर आहे. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपल्यावर दीर्घ काळ प्रशासकांची राजवट राहिली, तेव्हा प्रभाग समितीत बसणारे निवडून आलेले कोणी उरलेच नव्हते.

म्हणून शहरातील माणूस आपली तक्रार भ्रमणध्वनीवरून एकट्यानेच पाठवतो. त्याला तक्रार क्रमांक मिळतो, काही दिवसांनी ‘तक्रार निकाली काढण्यात आली’ असा संदेश येतो. खड्डा बुजवण्यापुरती ही सोय उत्तम आहे, आणि तिचा मी उपमर्द करीत नाही. पण ज्या तक्रारीत दोन बाजू आहेत तिचे काय करावयाचे? पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईविरुद्ध ज्याने तक्रार केली तो आणि जो रोज संध्याकाळी तिच्याचकडून पालेभाजी नेतो तो, असे दोघेही एकाच इमारतीत राहतात. मैदानावर वाहनतळ हवा म्हणणारा आणि मुलांना खेळावयास जागा उरावी म्हणणारा एकाच गल्लीचे रहिवासी असतात. मिरवणुकीच्या ध्वनिवर्धकाने ज्या आजारी माणसाची झोप उडते त्याचा नातू त्याच मिरवणुकीत नाचत असतो. अशा तक्रारींचा निवाडा कचेरीतील अधिकारी एका बाजूचा अर्ज वाचून करतो तेव्हा तो बरोबर असला तरी दुसऱ्याला परकाच वाटतो. त्या दोघांनी एकमेकांचे ऐकावे अशी जागा शहराने ठेवलेली नाही, ही माझ्या मते आपल्या नगरव्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

जेथे सभा भरते तेथे निदान ठराव कसा लिहिला जातो याकडे लक्ष द्यावे. ‘सदर विषयावर सखोल चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य ज्या ठरावात आहे त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण त्यात कार्यवाही कोणी, कोणत्या निधीतून आणि कोणत्या तारखेपर्यंत करावयाची हे तिन्ही वगळलेले असते. सभेत बसलेल्या कोणीही उठून या तीन गोष्टी ठरावात घालावयास सांगाव्यात, वही मिटण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून घ्यावा, आणि पुढच्या सभेत ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय निघताच त्या तारखेचे काय झाले ते विचारावे. ठरावाची नक्कल मागूनही मिळत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली साध्या अर्जाने ती मागता येते, आणि माहिती देण्यास 30 दिवसांची मुदत बांधलेली आहे.