अंक ओळखीचा, संख्या अनोळखी

डिस्कॅल्क्युलिया ही गणिताशी निगडित अध्ययन अक्षमता आहे. अशा मुलाची बुद्धी बहुधा चारचौघांसारखीच असते. ते गोष्ट रंगवून सांगते, चित्रे काढते, पण संख्येपाशी अडते. ‘८’ हा अंक त्याला वाचता-लिहिता येतो, मात्र आठ म्हणजे किती, हे चटकन उमगत नाही. स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञ लाडिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये या अक्षमतेची व्याख्या मांडली. साधारणपणे शंभरातील तीन ते सात मुलांत ती आढळते.

वहीत तिच्या खुणा दिसतात. ५२ मधून ३८ वजा करताना मूल आठातून दोन, पाचातून तीन वजा करते आणि २६ लिहून मोकळे होते. हातचा विसरणे कुणाच्याही हातून घडते. पण या मुलाला ते उत्तर पुढेही खटकत नाही. सात आणि पाच मिळवताना ते सातही बोटे पुन्हा एकपासून मोजते. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही. घड्याळ आणि सुटे पैसे यांतही गोंधळ होतो.

संख्येचे परिमाण जोखताना मेंदूच्या पॅरायटल लोबमधील एक खाच विशेष सक्रिय होते. या मुलांत तिची रचना आणि कार्य काहीसे वेगळे असल्याचे दिसून आले आहे. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. गणिताची निव्वळ भीती किंवा वर्गातले कच्चे शिकवणे ही निराळी कारणे. तपासणीत ती आधी बाजूला काढावी लागतात. मराठीतील ‘एकोणसाठ’, ‘त्रेसष्ट’ अशी संख्यानामे तर सगळ्याच मुलांना जड जातात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी सोपी रीत जोडली, तेव्हा तिची थट्टाच अधिक झाली.

पाढे आणखी घोकून घेणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि घरोघरी नेमके तेच चालते. मणी, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, संख्यारेषा यांच्या साहाय्याने संख्या आधी हाताला आणि डोळ्यांना कळावी लागते, चिन्हे त्यानंतर. अक्षमता पूर्णपणे जात नाही, पण विशेष शिक्षकाच्या मदतीने व्यवहारापुरते गणित बऱ्याच मुलांना जमते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये डिस्कॅल्क्युलियाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि अधिकृत प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी पालकांनी दहावीची वाट पाहू नये. तिसरी-चौथीतच तपासणी करून घ्यावी.