मरळ कुठे सापडते?

रिसोडजवळच्या पैनगंगेत गळ टाकण्यापूर्वी बाबा बराच वेळ नुसते पाणी पाहतात. मरळीला श्वासासाठी वर यावेच लागते. बुडबुडा उठला, की थोडा पुढे बेडूक लावलेला गळ सोडायचा. उन्हाळ्यात ती डोहात, पावसाळ्यात काठच्या गवतात. तेव्हाच ती अंडी घालते. तांबूस पिलांचा पुंजका दिसला, तर खाली मोठी मरळ राखणीला असतेच. ती चिडून गळावर झडप घालते. इतकी सोपी शिकार नाही! पण बाबा अशा वेळी गळ गुंडाळतात. राखणदार गेला, की बाकीचे मासे पिलांवर तुटून पडतात.

गेल्या श्रावणात कॉलेजची फी भरायची होती. पुंजका समोर होता. मी गळ टाकला. बाबा काहीच बोलले नाहीत. मरळ दीड किलो भरली.