कुलगुरूंचं मोठेपण कशात?

कुलपती आणि कुलगुरू या शब्दांत आपली नेहमी गल्लत होते. राज्यपाल हे कुलपती. विद्यापीठाचा गाडा प्रत्यक्ष ओढतात ते कुलगुरू. मग त्यांचं नेतृत्व आपण कशावरून ओळखायचं?

आपल्या धाराशिवपासूनच सुरुवात करू. निजामाच्या काळात संस्थानातलं विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. तिथलं माध्यम उर्दू. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी तेव्हाच्या औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा त्याच्याच कक्षेत आला.

पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाचे ते दीर्घकाळ कुलसचिव. त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. म्हणजे कोऱ्या पाटीच्या विद्यापीठाला कारभार आतून जाणणारा माणूस मिळाला. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल, महाविद्यालयांची संलग्नता ही कामं रूक्ष वाटतात खरी. पण पदवीपत्रावरच्या कुलगुरूंच्या सहीला किंमत येते ती याच कामांमुळे.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर इथे अधिकार पदाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. व्यक्ती निवृत्त होते. तिने घालून दिलेली शिस्त टिकली, तर ते नेतृत्व.

आज धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर आहे. तेव्हा कुलगुरू कोणीही असोत, आपण दोनच गोष्टी विचारायच्या: भूम-परंड्याच्या मुलीला शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का? आणि तिचा निकाल वेळेवर लागतो का?