परतीचा पाऊस येतो कुठून?

ऑक्टोबरात मुंबईला मुलीकडे गेलं, की जो तो उकाड्याबद्दल बोलत असतो. 'ऑक्टोबर हीट' हा शब्द तिथे रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. आमच्या अर्धापुरात त्याच दिवसांत उन्हाची तक्रार फारसं कोणी करत नाही. उलट ओळीने चार दिवस कडक ऊन पडलं तर माणसं समाधानाने आभाळाकडे पाहतात, कारण रानात सोयाबीन कापून पडलेलं असतं. मी गावी असलो की मुलगी फोनवर विचारते, "बाबा, तिकडेही तापतंय का?" मी म्हणतो, "तापू दे बाई, खळं होईपर्यंत तापू दे."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि वडिलांकडून आलेली चार एकर जमीनही पाहिली. 'मोसमी वारे परत जाताना पाऊस देतात' हे वाक्य मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल याची गणती नाही. निवृत्तीनंतर बांधावर बसून आभाळ पाहू लागलो, तेव्हा ते वाक्य मलाच पुरेसं वाटेना. परत जाणारा पाऊस आला त्या वाटेने गेला पाहिजे. आमच्याकडे ऑक्टोबरात तो येतो भलत्याच बाजूने.

आधी उकाड्याचं पाहू. 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात आणि सूर्य दक्षिणेकडे सरकतो. तरीही आपल्या 19 अंश अक्षांशावर ऑक्टोबरच्या आरंभी दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 68 अंश उंच असतो. महिनाअखेरीस तो 57 अंशांवर उतरतो आणि दिवस साडेअकरा तासांच्या आसपास येतो. म्हणजे सुरुवातीला ऊन चांगलंच उभं असतं, ढगांचं छत्र गेलेलं असतं, वारा मंदावलेला असतो आणि जमीन अजून ओली असते. त्यात मुंबईला जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे समुद्राची झुळूक उशिरापर्यंत अडवून धरतात. पारा 33-34 अंशांवर जातो आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. अर्धापूरला दिवसाचं तापमान साधारण तेवढंच, पण हवा हळूहळू कोरडी होत जाते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडते. कोजागरीच्या सुमारास पहाटे गवतावर दव दिसू लागतं.

आता पावसाची माघार. ती सुरू होते पश्चिम राजस्थानातून. हवामान विभाग 1 सप्टेंबरनंतर तीन गोष्टी तपासतो: सलग पाच दिवस पाऊस नाही, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर प्रतिचक्रवात म्हणजे खाली बसणाऱ्या हवेचा भोवरा तयार झाला आहे, आणि हवेतली आर्द्रता बरीच घटली आहे. त्यानंतरच माघार जाहीर होते. म्हणजे माघारीची व्याख्याच मुळी कोरडेपणाची आहे.

या माघारीच्या सरासरी तारखा 2020 मध्ये बदलल्या. जुन्या तारखा 1901 ते 1940 या काळातल्या 149 स्थानकांच्या नोंदींवर बेतल्या होत्या. नव्या तारखांसाठी 1971 ते 2019 च्या नोंदी घेतल्या. पश्चिम राजस्थानातली तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली, मुंबईची 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर. 2019 मध्ये तर राजस्थानातली माघारच 9 ऑक्टोबरला सुरू झाली. इतका उशीर त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता.

माघार म्हणजे कोरडेपणा, तर मग हा पाऊस येतो कुठून? उत्तर उगवतीला आहे. उत्तर भारतावरचा कमी दाबाचा पट्टा विरतो आणि दक्षिणेकडे, बंगालच्या उपसागराकडे सरकतो. आपल्याकडे वाऱ्याची दिशा फिरते. उपसागरावर तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडे चालू लागतात आणि त्यांच्याबरोबर बाष्प आंध्र-तेलंगणावरून मराठवाड्यात येतं. 13 ऑक्टोबर 2020 ला अशीच एक खोल कमी दाबाची प्रणाली काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढली. तिने हैदराबाद बुडवलं, सोलापूर, उस्मानाबाद, लातूरच्या पट्ट्यात उभी पिकं झोडपली आणि पुढे ती अरबी समुद्रात उतरली. जूनमध्ये येणाऱ्या पावसाच्या नेमका उलटा हा प्रवास. गावातली जुनी माणसं या दिवसांत मावळतीकडे बघतच नाहीत. उगवतीला वीज लवली की बैलांना गोठ्यात घेतात.

असं क्षेत्र आलं नाही तरी स्थानिक वादळी पाऊस असतोच. ओल्या जमिनीवरची तापलेली हवा दुपारी वेगाने वर चढते, तीन-चारच्या सुमारास ढग उंच वाढतात आणि तासाभरात सगळं कोसळून मोकळं होतं. हा पाऊस सार्वत्रिक नसतो. एका शिवारात चिखल होतो आणि ओढ्यापलीकडे धूळ उडत असते. शासकीय मदतीसाठी अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात 24 तासांत 65 मिलिमीटर पडल्यावर. ढग मापकाला चुकवून गेला तर रानातलं नुकसान खरं असूनही कागदावर पाऊस कमीच राहतो.

पण हा पाऊस आपला वैरी कधीपासून झाला? जुन्या शेतकऱ्यांची गणती नक्षत्रांची. सूर्य साधारण 27 सप्टेंबरला हस्तात जातो, 10-11 ऑक्टोबरला चित्रात आणि 24 च्या सुमारास स्वातीत. प्रत्येक नक्षत्राचे तेरा-चौदा दिवस. हस्ताला आमच्याकडे 'हत्ती' म्हणतात आणि हत्तीच्या पावसाची वाट पाहिली जायची. स्वातीच्या पावसाला मोत्यांची उपमा देणारी म्हण तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कारण उघड आहे. मूग-उडीद तोवर घरात आलेले असत, आणि काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरायची असे. ती मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. ती ओल हाच पाऊस देई. नवरात्रात घटाच्या मातीत धान्य उगवून पाहण्याची चालही पेरणीच्या या तोंडावरच येते. लातूर-धाराशिवकडची येळवस साजरी होते तीही त्याच ओलीवर वाढलेल्या हिरव्या रानात.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या रानांत सोयाबीन आलं. हे साधारण शंभर दिवसांचं पीक. जूनअखेरीस पेरलं की बरोबर हस्त-चित्रात काढणीला येतं. त्याच्या बियाला फारशी सुप्तावस्था नसते, त्यामुळे वाळलेली शेंग दोन-तीन दिवस भिजली की दाणा शेंगेतच मोडावतो. 2019 च्या ऑक्टोबरअखेर आमच्या दीड एकरात तेच झालं. घटात जे उगवलेलं पाहून हात जोडायचे, तेच शेंगेत उगवलेलं पाहून माझी पत्नी बांधावर खाली बसली. मळून आलेला माल बाजारात नेला तरी ओलाव्याची कात्री असतेच. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांची मर्यादा होती. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली.

अर्धापूरची ओळख असलेल्या केळी आणि हळदीचं गणित निराळं आहे. ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्याने इथे बागायत रुजवली. हळदीचा कंद याच दिवसांत पोसतो, त्यामुळे ओल तिला हवीच असते. फक्त पाणी साचलं तर कंदकूज होते. केळीला पावसापेक्षा वादळाची भीती जास्त. घडाने वाकलेली झाडं एका झोताने मोडतात आणि दमट हवेत पानांवर करपा पसरतो. पण हळदीला ऑक्टोबरचा पाऊस काढणीत गाठत नाही.

माघार लांबली, तारखा सरकल्या, हे नोंदी सांगतात. पण आमच्या दुःखाचा निम्मा वाटा पिकाच्या बदललेल्या वेळापत्रकाचा आहे, हे मला बांधावर बसल्यावर कळलं. ज्या पावसाच्या तोंडावर आपण पेरत होतो, त्याच पावसाच्या तोंडात आता कापतो. सोयाबीन सोडा, असं मी कोणाला सांगणार नाही. रोख पैसा त्याचाच येतो, दिवाळीही त्यावरच होते. मी स्वतः एवढंच केलं: लवकर येणारं वाण घेतो, ताडपत्री आधीच आणून ठेवतो आणि 2019 नंतर एक एकर ज्वारीसाठी राखतो.

गेल्या वर्षी स्वातीत संध्याकाळी उगवतीकडून ढग आला. आम्ही दोघांनी धावत जाऊन सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढली आणि कडेने दगड ठेवले. पाऊस अर्धा तास पडला. सकाळी शेजारच्या एकरात ज्वारीची बोटभर पाती धुऊन निघाली होती.