लेकुरवाळ्यांचं चेफालू

पालेर्मोहून पूर्वेकडे निघालेली गाडी सिसिलीचा उत्तर किनारा धरून धावते. डाव्या खिडकीत बराच वेळ समुद्र असतो. तासाभराने एक भलाथोरला खडक दिसू लागतो, समुद्रातून थेट वर आलेला, जवळजवळ पावणेतीनशे मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी मातकट पिवळ्या घरांची दाटी आणि घरांच्या वर डोकावणारे चर्चचे दोन मनोरे. हे चेफालू. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. स्टेशनातून बाहेर पडून बाबागाडी ढकलत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत जुन्या गावात पोचता येतं.

दीड-दोन वर्षांचं मूल बरोबर असलं की प्रवासाचा नकाशा किती आक्रसतो, हे ज्यांनी मुलं फिरवली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. एका दिवसात तीन शहरं बघण्याच्या गोष्टी बंद. खाणं, झोप, कपडे बदलणं आणि रस्त्यातल्या प्रत्येक मांजरामागे धावणं यांतून उरलेल्या वेळात जे बघून होईल तेवढंच आपलं. तेव्हा राहत्या घरापासून एक किलोमीटरच्या आत काय आहे, यावरच सहल ठरते. चेफालूत त्या किलोमीटरमध्ये वाळूचा किनारा आहे, बाराव्या शतकातलं कॅथेड्रल आहे, मध्ययुगीन धुणीघाट आहे, शंखशिंपल्यांनी भरलेलं संग्रहालय आहे, आइस्क्रीमची दुकानं आहेत आणि परतीची गाडी पकडायचं स्टेशनही आहे. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही, त्यामुळे मुलाच्या सीटचं वेगळं भाडं, इंधन, पार्किंग हे सगळे खर्च मुळातच वजा होतात. कमी पैशांत सहल करायची तर सवलती हुडकत बसण्यापेक्षा असं गाव निवडलेलं बरं.

युरोपात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे गाव विशेष सोयीचं. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड, इंग्लंड इथून पालेर्मोला स्वस्त विमानकंपन्यांची उड्डाणं असतात. मात्र भारतीय पासपोर्टवर आयर्लंड किंवा इंग्लंडहून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतोच. प्रौढांसाठी त्याचं शुल्क 90 युरो आहे आणि सहा वर्षांखालच्या मुलांना माफ. मुंबईहून फक्त चेफालूसाठी निघाल तर ही सहल स्वस्त पडणार नाही, हे स्पष्ट सांगतो. युरोपात कुणाकडे राहायला आला असाल, तर मात्र आठवडाभराची जोड द्यायला याहून चांगली जागा सुचत नाही.

पालेर्मोचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटरवर आहे. तिथून रेल्वेने पालेर्मो सेंत्राले स्टेशन, तिथे गाडी बदलून चेफालू. दोन्ही टप्प्यांचं तिकीट माणशी प्रत्येकी साधारण सहा-सात युरो, आणि चार वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीटच नाही. कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. एका हातात मूल आणि दुसऱ्यात बॅग असताना हे हमखास विसरलं जातं, आणि तपासनीस दंड करताना मुलाकडे बघून विरघळेलच असं नाही.

आता किनारा. जुन्या गावाच्या पश्चिमेला जवळजवळ दीड किलोमीटर वाळू पसरलेली आहे आणि पाणी हळूहळू खोल होत जातं. कोकणात वाढलेल्यांना इथे एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे भरती-ओहोटी. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे इथे पाण्याची पातळी दिवसभरात जेमतेम वीतभर वरखाली होते. ओहोटीला पाणी पार लांब गेलं, भरतीला चटई भिजली, असं काही होत नाही. सकाळी जिथे फावडं-बादली मांडली तिथेच दुपारपर्यंत बसता येतं. वारा पडलेला असेल तेव्हा लाटाही नावालाच. अर्थात समुद्र तो समुद्रच. उत्तरेचा वारा सुटला की हाच किनारा चांगला उसळतो आणि अधूनमधून जेलीफिशही येतात. मुलाचा हात सोडू नये.

किनाऱ्याचे दोन भाग आहेत. एकावर ओळीने छत्र्या आणि आरामखुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांना लिदो म्हणतात. दोन खुर्च्या आणि एक छत्री यांचं दिवसाचं भाडं हंगामात वीस-पंचवीस युरो, ऑगस्टमध्ये त्याहून बरंच जास्त. दुसरा भाग मोकळा, म्हणजे 'स्पियाज्जा लिबेरा'. तिथे आपली चटई, आपली छत्री, पैसे शून्य. साधी छत्री लागूनच्या रस्त्यावरच्या दुकानांत मिळते, आणि ती दुसऱ्या दिवशीच वसूल होते. माझं मत विचाराल तर एखादा दिवस लिदोचे पैसे मोजावेत, कारण तिथे स्वच्छतागृह आणि गोड्या पाण्याचा फवारा हाताशी असतो. बाकीचे दिवस मोकळ्या किनाऱ्यावर. जागा हवी तर मात्र सकाळी लवकर पोचायला हवं, आणि लहान मुलं लवकर उठवतातच.

दुपारी एकच्या सुमारास गाव मिटतं. बरीचशी दुकानं चारपर्यंत बंद. तरुण पर्यटक यावर वैतागतात. मूल घेऊन आलेल्यांना मात्र हे वेळापत्रक आपल्यासाठीच आखल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावरून घरी, आंघोळ, जेवण, झोप. जाड भिंतींची जुनी घरं लाकडी झडपा लावल्या की चांगली गार राहतात. चारनंतर गाव पुन्हा उघडतं आणि सगळे हळूहळू रस्त्यावर येतात. कॅथेड्रलसमोरच्या चौकात आजोबा बाकांवर, आयांच्या पुढ्यात बाबागाड्या, पोरांचा फुटबॉल. रात्री दहा-साडेदहालाही तान्ही मुलं बाहेर दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. 'मुलाने हॉटेलात आरडाओरडा केला तर' या धास्तीने उत्तर युरोपात अंग चोरून बसणाऱ्या आईबापांना इथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येतो. वेटर मुलाचे गाल ओढून जातो, शेजारच्या टेबलावरच्या आजी खुळखुळा वाजवावा तसा चमचा वाजवतात.

हा चौक ज्या कॅथेड्रलच्या पुढ्यात आहे, त्याची पायाभरणी 1131 साली सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने केली. समुद्रात वादळात सापडलेल्या राजाने नवस बोलला आणि सुखरूप किनाऱ्याला लागल्यावर तो फेडला, अशी आख्यायिका आहे. आत वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचं अवाढव्य मोझेक आहे, 1148 मध्ये पूर्ण झालेलं. त्याच्या हातातल्या उघड्या ग्रंथाच्या एका पानावर ग्रीक मजकूर आहे, दुसऱ्यावर लॅटिन. रॉजरच्या दरबारात या दोन भाषांच्या जोडीला अरबीही चाले. अल्-इद्रिसी या भूगोलकाराने आपला जगाचा नकाशा याच राजासाठी केला. नॉर्मनांच्या आधी चेफालू दोन शतकं मुस्लिम राजवटीखाली होतं. या सरमिसळीमुळेच पालेर्मो, मोनरेआले आणि चेफालू इथल्या अरब-नॉर्मन वास्तू 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. मुख्य दालनात जायला पैसे पडत नाहीत, फक्त खांदे झाकलेले हवेत. मुलं साधारण सात मिनिटं शांत राहतात. तेवढ्या वेळात मोझेक बघून होतं.

त्याहून मुलांना आवडतो तो धुणीघाट, 'लावातोयो'. व्हित्तोरियो इमान्युएले रस्त्यावरून वळणाच्या दगडी पायऱ्या खाली उतरतात आणि कमानींखाली दगडी कुंड्यांची रांग दिसते. चेफालिनो नावाच्या झऱ्याचं पाणी भिंतीतल्या बावीस लोखंडी तोंडांतून या कुंड्यांत पडतं. त्यांतली पंधरा तोंडं सिंहाची आहेत. दगडाच्या उताराला कपडे घासण्याच्या खाचा आहेत, आणि गावातल्या बायका विसाव्या शतकातही इथे धुणी धुवत. पाणी पुढे समुद्राला जाऊन मिळतं. आत गारवा असतो, पाण्याचा आवाज घुमतो, आणि प्रवेश फुकट. पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत आहेत, तेव्हा बाबागाडी वरच ठेवावी आणि मुलाला उचलून न्यावं.

बाबागाडीबद्दल एवढंच, की जुन्या गावातल्या उतरत्या बोळांत फरसबंदी आणि गोटे आहेत. लहान चाकांची, विमानात नेण्याजोगी घडीची गाडी इथे खडखडते. पाठीवर किंवा पोटाशी बांधायची झोळी जास्त उपयोगी. गावावरच्या खडकावर, म्हणजे ला रोक्कावर, चढायला तर झोळीही पुरत नाही. वर तटबंदी आहे, दियानाचं मंदिर म्हणून ओळखली जाणारी प्राचीन वास्तू आहे, देखावा अप्रतिम आहे. पण चढ खडा आहे आणि सावली नाही. आईने आज, बाबांनी उद्या असं वाटून घ्यावं.

मान्द्रालिस्का संग्रहालय छोटं आहे. एकोणिसाव्या शतकातले जहागीरदार एन्रिको पिराइनो दि मान्द्रालिस्का यांनी जमवलेला हा संग्रह. आन्तोनेल्लो दा मेस्सिना या चित्रकाराने पंधराव्या शतकात रंगवलेलं अनोळखी पुरुषाचं व्यक्तिचित्र हे त्याचं वैभव. ओठांच्या कोपऱ्यातलं ते किंचित तिरकस हसू बघायला लोक लांबून येतात. शिवाय जहागीरदारांना शंखशिंपल्यांचा नाद होता. वीस हजारांहून जास्त नमुने त्यांनी गोळा केले. सकाळी किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या मुलाला या कपाटांपुढे उभं करून बघा.

खाण्याची आबाळ होत नाही, शाकाहारींचीसुद्धा. 'पानेल्ले' म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. भाताचे तळलेले मोठे गोळे म्हणजे 'आरान्चिने'. आत मटण-खिम्यासारखा रस्सा असतो किंवा पालक-चीज, विचारून घ्यावं. एक गोळा तीन युरोंच्या आसपास, आणि त्यात एकाचं पोट भरतं. वांग्याची 'कापोनाता', वांगं-टोमॅटोचा 'पास्ता आल्ला नोर्मा' हे आपल्या जिभेला परके वाटत नाहीत. मुलासाठी 'पास्ता इन बियांको' मागावा: नुसतं लोणी किंवा ऑलिव्ह तेल आणि चीज घातलेला पास्ता. मेन्यूत नसला तरी बहुतेक ठिकाणी करून देतात. सकाळी ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, आणि मऊ ब्रिओश पाव. मात्र बिलात 'कोपेर्तो' नावाने माणशी दोन-तीन युरो टेबलाचे लागतात, आणि समुद्रावरच्या सज्जांत बसण्याचे पैसे पदार्थांच्या दरातही असतात. एक वेळचं जेवण घरी करावं हे उत्तम. तूरडाळीचं सांगता येत नाही, पण पालेर्मोच्या बाल्लारो बाजाराच्या परिसरात बांगलादेशी आणि श्रीलंकन तमिळ वस्ती आहे. वाटेत तिथून तांदूळ, मसूर, हळद घेऊन ठेवली की मुलाच्या खिचडीची सोय झाली.

म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर बघावं. बुक करताना मजला विचारा. जुन्या घरांत लिफ्ट क्वचित असते आणि जिने अरुंद. अगदी कॅथेड्रलजवळचं घर सुंदर, पण रात्री उशिरापर्यंत गलबला. स्टेशन आणि किनारा यांच्या मधल्या नव्या वस्तीत भाडं कमी, सुपरमार्केट जवळ, लिफ्टची शक्यता जास्त. तिथेच राहा. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसच्या दिव्यावरून ओळखू येतं, गावात मोठं रुग्णालय आहे, आणि आणीबाणीचा क्रमांक 112.

संध्याकाळी एकदा पोर्ता पेस्कारा या समुद्राकडच्या जुन्या दरवाजातून धक्क्यावर जावं. 1988 च्या 'सिनेमा पॅरादिसो'मधला समुद्रकाठच्या उघड्यावरच्या सिनेमाचा प्रसंग याच गावच्या धक्क्यावर चित्रित झाला. तिथे छोटीशी वाळूही आहे, बाजूच्या भिंतींमुळे वाऱ्यापासून जरा आडोशाची.

चेफालू हे सिसिलीतलं सर्वांत स्वस्त गाव नाही, आणि ऑगस्टमध्ये तर ते महागच असतं. 15 ऑगस्टच्या 'फेर्रागोस्तो' सुट्टीच्या आगेमागे अर्धी इटली किनाऱ्यावर उतरते, घरभाडी चढतात, मोकळ्या किनाऱ्यावर टॉवेल पसरायला जागा उरत नाही आणि दुपारचं ऊन लहान मुलांना सोसत नाही. तुमचं मूल अजून शाळेत जात नाही, म्हणजे सुट्ट्यांचं बंधन नाही. त्याचा फायदा घ्या. जूनचा पहिला पंधरवडा चांगला, सप्टेंबर त्याहून चांगला: उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा कोमट असतं आणि भाडी उतरलेली असतात.