चौकशीच्या दप्तरातली माणसे

मध्ययुगीन युरोप म्हटले की राजे, किल्ले आणि धर्मयुद्धे आठवतात. विद्यापीठात या काळाचा अभ्यास करणाऱ्याची गाठ मात्र जुन्या दप्तरांशी पडते, आणि दप्तर लिहिणारा बहुधा सत्तेच्या बाजूचा असतो. म्हणूनच या विषयाच्या शिक्षणाचा गाभा सनावळी नसून कागद पारखून वाचण्याची शिस्त हा असला पाहिजे. दक्षिण फ्रान्समधील पामिएचे बिशप जाक फूर्निए यांचेच दप्तर पाहा. १३१८ ते १३२५ या काळात त्यांनी पाखंडाच्या संशयावरून पिरेनीजच्या डोंगराळ मुलखातल्या लोकांची चौकशी केली. त्या लॅटिन जबान्यांच्या आधारे एमान्युएल ल र्वा लाद्युरी यांनी १९७५ मध्ये मोंतायू या खेड्याचे जगणे उभे केले. मेंढपाळांची भटकंती, उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढत गप्पा मारणाऱ्या बायका, सगळे त्यात आले. बेआत्रिस द प्लानिसोल या खानदानी बाईच्या सामानात नातवांच्या वाळलेल्या नाळा सापडल्या. त्या जवळ असल्या तर खटला हरत नाही, असे तिला ख्रिस्ती झालेल्या एका ज्यू बाईने सांगितले होते. न्यायासनाला त्यात जादूटोण्याचा वास आला. इतिहासकाराला मात्र दोन धर्मांतल्या बायकांमधली देवघेव दिसते.

यावर रास्त आक्षेप आहे. शिक्षेच्या धाकाखाली दिलेली जबानी म्हणजे मोकळी मुलाखत नव्हे. मानववंशशास्त्रज्ञ रेनाटो रोसाल्डो यांनी लाद्युरींवर नेमके याच मुद्द्यावरून बोट ठेवले होते. बोलणारे बोलले ऑक्सितान भाषेत, लेखनिकाने उतरवले लॅटिनमध्ये, हीही अडचण आहेच. पण त्यामुळे दप्तर निकामी ठरत नाही. श्रद्धेविषयीची कबुली सावधपणेच घ्यावी लागते. परंतु उवा कोण कोणाच्या काढत होते, याने निकालात फरक पडत नव्हता. असे ओघात आलेले तपशील अनेक साक्षींत जुळले की त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

लॅटिन आणि जुनी हस्तलिपी शिकण्यात वर्षे जातात, त्यातून रोजगार काय, असेही विचारले जाते. प्रश्न खरा आहे, पण हे शिक्षण मध्ययुगापुरते राहत नाही. पोलीस ठाण्यातला जबाब असो की सरकारी अहवाल, तो कोणी, कोणासमोर आणि कशासाठी लिहिला, हे विचारण्याची सवय इथे लागते. भाषा आणि लिपी वगळून हा अभ्यासक्रम स्वस्त करता येईल. पण मग विद्यार्थी दुसऱ्यांचे निष्कर्ष पाठ करील, स्वतः पुरावा तपासणार नाही. विद्यापीठाने ही मेहनत टाळू नये.